पार्किन्सन्समधली उडालेली झोप आणि ड जीवनसत्त्वाचा आकडा

‘पार्किन्सन्स असलेल्यांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आणि झोपही बिघडलेली’ अशा अर्थाच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या फोनवरून फिरतात आणि ज्या घरात हा आजार आहे तिथे लगेच प्रश्न निघतो, मग ड जीवनसत्त्वाची गोळी सुरू करायची का? प्रश्न अगदी रास्त आहे. अंथरुणात कूस बदलायलाही मदत लागणारा माणूस आणि त्याच्यासाठी रात्रीत चारचार वेळा उठणारं घरचं माणूस, दोघांनाही एक सलग झोप हवी असते. ती एका स्वस्त, सहज मिळणाऱ्या गोळीने मिळणार असेल तर कोणाला नकोय?

माझं मत आधीच सांगते. रक्तात ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर भरून काढावं, पण त्याचं पहिलं कारण हाडं आहेत. झोपेचा शोध तिथे संपवू नये. पार्किन्सन्समधली झोप मोडण्याची कारणं बहुतेक वेळा शोधता येतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर उपाय आहेत. गोळीच्या भरवशावर तो शोध राहून गेला तर नुकसान मोठं आहे.

मराठीत या आजाराच्या रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

हा आजार फक्त थरथरीचा नाही

मेंदूच्या तळाशी मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक छोटा, गडद रंगाचा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग राखणं, ती थांबवणं, हे सगळं डोपामिनवर अवलंबून असतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. हाताला कंप सुटतो, अंग ताठरतं, चाल मंदावते तोवर यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

पण आजार तेवढ्याच जागी राहत नाही. वास घेणं, आतड्यांची हालचाल, मनःस्थिती आणि झोप यांच्याशी संबंधित भागांतही तो शिरतो, काही वेळा कंप दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हाच आजार वाढल्यावर झोप फार मोडते हे नोंदवून ठेवलं होतं. तरीही तपासणीच्या वेळी बोलणं हातापायांबद्दल होतं आणि झोपेचा विषय निघतच नाही.

झोप नेमकी कशाने मोडते?

‘झोप लागत नाही’ या एका वाक्यामागे पाचसहा वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

सगळ्यात ओळखीची गोष्ट म्हणजे रात्री औषध उतरणं. लेव्होडोपा हे या आजाराचं मुख्य औषध. त्याचा असर काही तास टिकतो. रात्री शेवटचा डोस घेतला की मध्यरात्रीनंतर अंग पुन्हा ताठरतं, कूस वळत नाही, पायात गोळे येतात, पहाटे पाऊल वाकडं होऊन दुखतं. इथे झोपेची गोळी देऊन उपयोग नाही, डोपामिनचा पुरवठा रात्रभर टिकवावा लागतो. २८७ शुभार्थींवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोपामिनसारखं काम करणाऱ्या रोटिगोटिन या औषधाचा त्वचेवर लावायचा पॅच वापरला. चोवीस तास थोडंथोडं औषध मिळत राहिल्याने सकाळचा ताठरपणा कमी झाला आणि झोपही सुधारली. पॅच सगळ्यांना चालतोच असं नाही, पण यातून झोप कुठे अडली होती ते स्पष्ट होतं.

दुसरी गोष्ट बहुतेक वेळा शुभंकराच्या तोंडून कळते. शुभार्थी झोपेत ओरडतात, लाथा झाडतात, ठोसे मारतात, पलंगावरून पडतात. स्वप्नं पडतात त्या झोपेला आरईएम झोप म्हणतात. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात पडून असतो. हा बंदोबस्त बिघडला की माणूस स्वप्न प्रत्यक्ष जगू लागतो. या विकाराचं रीतसर वर्णन १९८६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डॉक्टरांनी केलं. पुढे २४ केंद्रांतल्या १,२८० जणांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. या सगळ्यांमध्ये हा विकार झोपेच्या रीतसर चाचणीने पक्का झालेला होता आणि सुरुवातीला त्यांना पार्किन्सन्स नव्हता. बारा वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के लोकांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा एखादा आजार होतो, असा अंदाज त्यातून निघाला. यावर उपाय म्हणजे आधी अंथरुणाजवळच्या टोकदार, काचेच्या वस्तू हलवणं, पलंग बुटका करणं, आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने मेलाटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन) किंवा क्लोनाझेपाम हे औषध.

रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं हे तिसरं कारण. पडण्याचे प्रसंगही बऱ्याचदा याच वेळी घडतात. शिवाय पाय सतत हलवावेसे वाटणं, घोरताना श्वास अडकणं, नैराश्य, चिंता ही कारणं आहेतच. पाय हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्यायलाच हवं.

आणि काही वेळा औषधच झोप उडवतं. सेलेजिलिन आणि अमँटाडिन ही पार्किन्सन्सची औषधं दिवसा उशिरा घेतली तर रात्री डोळा लागत नाही. उलट डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही औषधांनी दिवसा अचानक झोप येते. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल घेणारे लोक गाडी चालवता चालवता झोपी गेल्याच्या नोंदी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि तेव्हापासून ही औषधं देताना गाडीबद्दल विचारणं आवश्यक मानलं जातं.

यात ड जीवनसत्त्व आलं कुठून?

संशय उगाच आलेला नाही. ड जीवनसत्त्वाला आपण जीवनसत्त्व म्हणतो, पण ते काम हार्मोनसारखं करतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ते तयार होतं, यकृतात त्याचं पहिलं रूपांतर होतं, मूत्रपिंडात दुसरं, आणि मग ते शरीरभर पेशींना आदेश देतं. हाडांसाठी कॅल्शियम शोषून घेणं हे त्याचं सर्वांत पक्कं काम.

हे आदेश घेणारे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूतही आहेत. २००५ साली माणसाच्या मेंदूत ते कुठे कुठे आहेत याचा नकाशा तयार झाला. ते सर्वांत ठळक दिसले दोन ठिकाणी: हायपोथॅलॅमसमध्ये, जिथून झोप-जागेचं नियमन होतं, आणि सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या मोठ्या पेशींमध्ये, म्हणजे पार्किन्सन्समध्ये ज्या मरतात त्यांच्यात. डोपामिन तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकरावर (एन्झाइमवर) ड जीवनसत्त्वाचा परिणाम होतो असं प्रयोगशाळेतही दिसलं. एकाच पदार्थाचा धागा झोपेकडेही जातो आणि डोपामिनकडेही. संशोधकांनी हा धागा धरून पुढे जाणं स्वाभाविक होतं.

सोबत आढळतं, पण कारण आहे का?

पार्किन्सन्स असलेल्यांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळतं, हे वारंवार दिसलं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००८ मध्ये ५५ टक्के शुभार्थींमध्ये ते अपुरं निघालं, निरोगी समवयस्कांमध्ये ३६ टक्के. चीनमधल्या २०१९ च्या अभ्यासात १८२ शुभार्थी होते. ज्यांची पातळी कमी, त्यांच्यात निद्रानाश, पडणं, नैराश्य आणि चिंता जास्त. बातम्यांचा आधार असेच अभ्यास असतात आणि त्यांत खोटं काही नाही.

पण ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात त्या दिवशी चिखलही जास्त असतो. छत्र्यांनी चिखल होत नाही, दोन्हींमागे पाऊस असतो. इथला पाऊस कोणता असू शकेल? आजार जास्त असलेला माणूस घराबाहेर कमी पडतो, उन्हात कमी जातो, चालणं कमी होतं. त्याचं ड जीवनसत्त्वही घसरतं आणि झोपही. एकाच वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून आणि झोपेच्या प्रश्नावलीवरून आधी काय आणि नंतर काय हे कळू शकत नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे. बाहेर न पडणं एवढंच कारण असेल तर आजार वाढेल तशी पातळी घसरत जायला हवी. उपचारही सुरू न झालेल्या, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या शुभार्थींचे साठवलेले रक्तनमुने २०११ मध्ये तपासले गेले. कमतरता त्यांच्यातही बरीच होती, आणि दीड वर्षाच्या आसपासच्या काळात ती वाढली नाही. फिनलंडमध्ये १९७८ ते १९८० दरम्यान ३,१७३ निरोगी लोकांचं रक्त घेऊन पुढे २९ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांची पातळी सर्वांत वरच्या गटात होती त्यांना पार्किन्सन्सचा धोका सर्वांत खालच्या गटापेक्षा ६७ टक्के कमी दिसला. म्हणजे कमतरता आजाराच्या आधीपासून असावी, असं म्हणायला जागा आहे. मात्र इतक्या वर्षांत पार्किन्सन्स झालेले लोक केवळ ५० होते, आणि इतक्या छोट्या संख्येवर फार भार टाकता येत नाही.

मग जनुकांकडून उत्तर शोधलं गेलं. काही लोकांची ड जीवनसत्त्वाची पातळी जन्मजात जनुकीय फरकांमुळे आयुष्यभर थोडी कमी असते, ते कितीही फिरले तरी. कमतरतेने पार्किन्सन्स होत असता, तर अशा लोकांमध्ये तो जास्त दिसला असता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रकारच्या विश्लेषणात तसा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. हा निष्कर्ष आजार होण्याबद्दलचा आहे, झोपेबद्दलचा नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

गोळी देऊन पाहिलं तेव्हा काय झालं?

कारण आहे की नाही हे ठरवण्याचा सरळ मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी द्यायची.

जपानमध्ये ११४ शुभार्थींवर असा प्रयोग झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रोज १,२०० युनिट ड जीवनसत्त्व वर्षभर घेणाऱ्यांचा आजार एका मोजपट्टीवर स्थिर राहिला, दुसऱ्या गटाचा थोडा वाढला. फायदाही सगळ्यांना सारखा नव्हता, ड जीवनसत्त्वाच्या ग्राहकाचं जनुक कोणत्या प्रकारचं आहे यावर तो अवलंबून होता. हा प्रयोग उत्साह वाढवणारा आहे, पण त्याचा मुख्य विषय झोप नव्हता. अमेरिकेत रोज १०,००० युनिट १६ आठवडे देऊन तोल सुधारतो का ते पाहिलं, तर एकूण गटात ठोस फरक पडला नाही.

पार्किन्सन्स नसलेल्यांमध्ये झोपेवर थेट प्रयोग झाले आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. इराणमधल्या एका प्रयोगात झोपेच्या तक्रारी असलेल्या तरुण आणि मध्यमवयीन लोकांना आठ आठवड्यांत बरं वाटलं. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या २१८ स्त्रियांना वर्षभर रोज २,००० युनिट दिले. ज्यांची पातळी त्यामुळे पुरेशी झाली त्यांची झोप थोडी बिघडलीच. असे निकाल हातात असताना ‘ही गोळी घ्या, झोप लागेल’ असं शुभार्थीला सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

ऊन दोन वाटांनी काम करतं

या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट बातम्यांत क्वचितच येते. दिवसाचा प्रकाश शरीरात दोन वेगळ्या दारांनी शिरतो.

एक दार त्वचेचं. तिथे लागतात यूव्हीबी नावाचे अतिनील किरण. ते खिडकीच्या साध्या काचेतून आत येत नाहीत. वय वाढतं तशी त्वचेची ड जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता निम्म्याहून कमी होते आणि सावळ्या त्वचेला तेवढ्याच उन्हात कमी मिळतं.

दुसरं दार डोळ्यांचं. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात, त्यांचं काम चित्र पाहण्याचं नसून उजेड मोजण्याचं असतं. त्या हायपोथॅलॅमसमधल्या शरीराच्या घड्याळाला ‘दिवस झाला’ हा निरोप देतात. घड्याळाच्या इशाऱ्यावर मग रात्री मेलाटोनिन सुटतं. यासाठी अतिनील किरण लागत नाहीत, दिसणारा प्रकाश पुरतो आणि तो काचेतून येतो. फक्त तो भरपूर हवा. घरातला दिवा साधारण काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड देतो, ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारांत असतो.

आता याचा अर्थ पाहा. बंद खिडकीशी बसलेल्या माणसाच्या घड्याळाला उजेड मिळतो, पण ड जीवनसत्त्व मिळत नाही. गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत बसलेल्याला ड जीवनसत्त्व मिळतं, पण त्याच्या घड्याळाला दिवस-रात्र कळत नाही. बाहेर चालणाऱ्याला दोन्ही मिळतं, वर व्यायामही. तेव्हा रक्तातला कमी आकडा हा काही लोकांच्या बाबतीत ‘हा माणूस दिवसाचा उजेडच पाहत नाहीये’ एवढंच सांगत असेल. तसं असेल तर गोळीने आकडा सुधारेल आणि झोप तशीच राहील.

पार्किन्सन्समध्ये हे घड्याळ मंदावतं याचा पुरावाही आहे. रात्री मेलाटोनिन जेवढं चढायला हवं तेवढं चढत नाही, आणि दिवसा पेंगणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी असतं, असं २०१४ मध्ये दिसलं. २०१७ मध्ये ३१ शुभार्थींना १४ दिवस रोज दोनदा, एकेक तास प्रखर प्रकाशासमोर बसवलं. मंद लाल प्रकाशात बसलेल्या गटापेक्षा त्यांचं दिवसा पेंगणं जास्त कमी झालं. रात्रीची झोप मात्र दोन्ही गटांत सुधारली, तेव्हा तिथे नियमित वेळापत्रकाचाही वाटा असावा. व्यायामाचं म्हणाल तर आठवड्यातून तीनदा, १६ आठवडे वजनं वापरून केलेल्या व्यायामाने झोप सुधारल्याचं २०२० मध्ये झोपेच्या यंत्रचाचणीवर दिसलं आहे.

‘मग ड जीवनसत्त्व तपासायचंच नाही का?’

तपासावं. निरोगी माणसाने उगाच तपासू नये, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये म्हटलं, पण पार्किन्सन्समध्ये पडण्याचा आणि खुब्याचं हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. खुबा मोडल्यावर पुन्हा उभं राहणं शुभार्थीला फार जड जातं. हाडांसाठी ही तपासणी अगदी योग्य आहे.

रिपोर्टवर ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ लिहिलेलं असतं. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साधारण कमतरता मानतात. ३० च्या वर असायलाच हवं असा आग्रह पूर्वी होता, त्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही प्रयोगशाळा वेगळं एकक वापरतात, त्यात आकडा अडीच पट दिसतो, म्हणून दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक बघून घ्या. उपचार सुरू केल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. पातळी स्थिरावायला सुमारे तीन महिने जातात.

‘जीवनसत्त्वच आहे, जास्त घेतलं तर काय बिघडलं?’

बिघडतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा मोठा डोस किंवा बिनऔषधी गोळी दिली. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डोस घेतलेल्यांत पडण्याचं प्रमाण १५ टक्के आणि हाड मोडण्याचं २६ टक्के जास्त निघालं. स्वित्झर्लंडमध्ये पूर्वी पडलेल्या २०० वृद्धांना महिन्याला ६०,००० किंवा २४,००० युनिट दिले. जास्त डोसच्या गटात वर्षभरात सुमारे ६७ टक्के लोक पडले, कमी डोसच्या गटात ४८ टक्के. ज्याचा तोल आधीच नाजूक आहे त्याच्यासाठी हे आकडे फार महत्त्वाचे आहेत. मोठे डोस डॉक्टर मोजक्या आठवड्यांसाठी लिहून देतात. ते संपल्यावर ‘बरं वाटतंय’ म्हणून मनानेच चालू ठेवू नयेत.

अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्याची लक्षणं म्हणजे बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, तहान, थकवा, गोंधळलेपणा. ही यादी पार्किन्सन्सच्या तक्रारींशी इतकी जुळते की घरचे ‘आजार वाढला’ असं समजून बसतात. रोज ६०० ते ८०० युनिट ही वयस्क माणसाची साधारण गरज. वैद्यकीय देखरेखीशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये.

उन्हाबद्दलही एक सावधगिरी हवी. पार्किन्सन्स असलेल्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसतो. सकाळी चालणं उत्तम, भर दुपारी कातडी भाजेपर्यंत बसणं नको. नवा किंवा बदलणारा तीळ दिसला तर दाखवून घ्यावा.

डॉक्टरांकडे जाताना

आठवडाभर एका वहीत चार गोष्टी लिहा: रात्रीचा शेवटचा डोस किती वाजता, जाग किती वाजता आली, जाग कशाने आली, दिवसा किती वेळ डोळा लागला. शुभंकराने वेगळं लिहावं, कारण झोपेतलं ओरडणं आणि घोरणं शुभार्थीला माहीत नसतं. जाग दरवेळी डोसनंतर ठरावीक तासांनी येत असेल तर डॉक्टर औषधाच्या वेळा बदलून पाहतील. लाथा आणि किंचाळ्या असतील तर तपास वेगळा, श्वास अडकत असेल तर आणखी वेगळा. ड जीवनसत्त्वासोबत लोहाचीही तपासणी मागून घ्या. लोहाची गोळी सुरू झाली तर ती लेव्होडोपासोबत घेऊ नका, लोहामुळे लेव्होडोपा नीट शोषलं जात नाही. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. आणि शुभंकराची स्वतःची झोप किती होते, हेही त्याच वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.